कानसेनचा कौल

“आला! आत्ता आला बघा. ऐकलात ना?”

कानसेननं डोळे मिटलेलेच ठेवले. लाल गाडी वळणावरून सुटून सरळ रस्त्याला लागली होती. दोनच माणसांची गाडी, आणि इतकी बुटकी, की शेजारून सायकलवाला गेला तर आतल्याला फक्त त्याचा गुडघा दिसावा. कानसेनचा तळहात गिअरच्या दांड्याखाली टेकलेला होता. कपाळावर दोन आठ्या होत्या. हा मनुष्य ऐकतोय, असं पाहणाऱ्याला वाटावं, अशा.

“परत एकदा त्याच वळणावर घ्या,” तो म्हणाला.

म्हाताऱ्यानं गाडी फिरवली, त्याच वळणावर आणली. “हा! हा बघा! बारीक आहे, पण आहे.”

“हं,” कानसेन म्हणाला.

त्याला काहीही ऐकू आलं नव्हतं.

गाडी चालवणारा म्हातारा निवृत्त बस-ड्रायव्हर होता. उभा जन्म त्यानं शहराची बस चालवली होती. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा त्यानं ही जुनी, दोन मालकांच्या हातून उतरलेली स्पोर्ट्स कार घेतली होती. शेजारीपाजारी हसले. मुलगी फोनवर रडली. कुणी विचारलं की ड्रायव्हर एकच उत्तर द्यायचा, “आयुष्यभर उंचावर बसलो हो. आता जरा रस्त्याला टेकून बसायचंय.”

आणि कानसेन म्हणजे शहरातल्या मोठ्या डीलरच्या वर्कशॉपमधला आवाज ऐकणारा माणूस. पुढे काचेचं शोरूम, त्यात कॉफीचं मशीन, चामड्याचे सोफे. मागे वर्कशॉप. गाडीला काही दुखणं असेल तर ते आधी कॉम्प्युटर शोधायचा. पण कॉम्प्युटरला वायर जेवढं सांगेल तेवढंच कळतं. ज्या गाडीत कॉम्प्युटरला काही सापडत नाही आणि मालक मात्र ‘आवाज येतो, आवाज येतो’ म्हणून डोकं खातो, ती गाडी कानसेनकडे यायची. तो शेजारी बसायचा, डोळे मिटायचा, एक चक्कर मारून यायचा आणि कौल द्यायचा. एके काळी गाडी फाटकातून आत येईपर्यंत हा आतून ओरडून सांगायचा, “मागचं डावं बेअरिंग!” आणि ते तेच निघायचं. कानसेन हे नाव तेव्हा पडलं, ते इतकं चिकटलं की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं तर कुणी उठायचं नाही. त्यात तोही आला.

मग आवाज जायला लागले. एकदम नाही. आधी बारीक गेले. घड्याळ गेलं, किल्ल्यांचा जुडगा गेला, कपातला चमचा गेला. जाडे आवाज राहिले. इंजिन, ट्रक, साहेबाचं हसणं. माणसांचं बोलणं अर्धं कानानं यायचं, अर्धं ओठांवरून. घरी बायको त्याला हाक मारायची नाही, टेबलावर दोनदा थाप मारायची. हे तिनं कधीपासून सुरू केलं ते त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

वर्कशॉपमध्ये मात्र त्यानं युक्ती काढली होती. गाडीत बसलं की तो मालकाला म्हणायचा, “आवाज तोंडानं काढून दाखवा.” मग कोट घातलेली मोठमोठी माणसं स्टिअरिंग धरून ‘घुर्रर्र-टक, घुर्रर्र-टक’ करायची, आणि कानसेन त्यांच्या ओठांकडे बघून दुखणं ओळखायचा. दहातले सहा-सात कौल बरोबर निघायचे. उरलेल्यांत काहीतरी बदललं जायचं, बिल व्हायचं, कुणी फार खोलात जायचं नाही. उस्तादाची ही पद्धतच आहे, असं लोक म्हणायचे. पद्धत होती खरी.

“ड्रायव्हरसाहेब, जरा तोंडानं काढून दाखवा बघू,” त्यानं आता म्हटलं.

“छे छे! तुमच्यासमोर?” म्हाताऱ्यानं जीभ चावली. “गवयासमोर मी गळा काढू? सगळ्या शहरात तुमच्या कानाचं नाव आहे. तुम्ही ऐका, उस्ताद. मी आपला गप्प बसतो.”

आणि तो खरोखरच गप्प बसला. पुढची दोन वळणं त्यानं जबडा घट्ट आवळून घेतली.

गाडी फाटकातून आत शिरली. फाटकाशीच गाड्या धुण्याचा कट्टा होता. तिथं गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवून पेंटर पाण्याचा पाइप धरून उभा होता. हा पेंटर एके काळी असा रंग लावायचा की गाडी ठोकली होती यावर मालकाचाही विश्वास बसत नसे. मग त्याचा हात थरथरायला लागला. त्यानं ते स्वतः जाऊन साहेबाला सांगितलं. साहेबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात पाइप दिला.

“काय कानसेन, कुणाचा निकाल लावला आज?” पेंटर ओरडला. कानसेनला ते ओठांवरून कळलं. त्यानं हात हलवला.

गाडी थांबली. काउंटरवरून साहेब बाहेर आला. तरुण, चकचकीत, गोड बोलणारा. “हं काका, काय निघालं?”

ड्रायव्हर आशेनं बघत होता. “माझ्या मते किरकोळच असेल हो काहीतरी. पत्रा सुटला असेल, एखादा स्क्रू...”

तळहाताला दांड्यातून एक थरथर लागली होती. त्या जातीच्या प्रत्येक जुन्या गाडीला ती असते, हे कानसेनला माहीत होतं. पण ‘कळलं नाही’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते. पेंटरचे रबरी बूट आवाज करत मागून गेले असतील; त्याला फक्त ओल्या फरशीवरचे ठसे दिसले.

“गिअरबॉक्स,” तो म्हणाला.

काउंटरपाशी ड्रायव्हरची बायको बसली होती. सोफा खोल होता, आणि तिला गुडघ्यांमुळे त्यातून उठता येत नव्हतं. कॉम्प्युटरमधून खर्चाचा अंदाज निघाला. साहेबानं तो त्या दोघांसमोर ठेवला आणि पेनाच्या टोकानं एकेक ओळ समजावून सांगायला लागला. अख्खा गिअरबॉक्स. त्याचं तेल, तेही ह्याच कंपनीचं. काढायची मजुरी, घालायची मजुरी. बोल्ट सगळे नवे, कारण एकदा काढलेला बोल्ट पुन्हा लावायचा नाही, असा नियम. आणि सगळ्यात खाली ‘ध्वनी-तपासणी’.

“हे काय?” ड्रायव्हरनं विचारलं.

“काकांच्या कानाचे,” साहेब हसून म्हणाला.

ड्रायव्हरही हसला. मग त्याची नजर खालच्या आकड्यावर गेली आणि हसू तिथंच थिजलं. ज्या पैशात त्यानं गाडी घेतली होती, त्याहून हा आकडा थोडासाच कमी होता.

“आमच्या डेपोत गिअरबॉक्स खोलायचे,” तो हळू म्हणाला. “धुवायचे, दात बघायचे, एखादं चाक बदललं की परत बसवायचे. तुम्ही खोलून बघणार नाही?”

“आम्ही खोलत नाही काका, बदलतो. खोलला तर गॅरंटी जाते. जुना कंपनीला परत जातो.”

“अहो, एवढ्यात माणसाचं काळीज बदलून मिळतं,” बायको म्हणाली. “मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, विका ती. हिच्यात बसायचं म्हणजे आधी लोळायचं, आणि उतरायचं म्हणजे रांगायचं. वळणावर मला ढवळतं ते वेगळंच. पेपरमिंटची डबी ठेवली होती, तीसुद्धा ह्यांनी हरवली.”

“मी कशाला हरवू? ठेवतेस तू, विसरतेस तू, आणि चोर मी!”

“मग डबीला पाय फुटले वाटतं.”

कानसेन बाजूला उभा होता. ओठ दिसत होते म्हणून सगळं कळत होतं. ड्रायव्हर उठून त्याच्याजवळ आला. आवाज खाली आणून, जणू काही मागायला आल्यासारखा म्हणाला, “उस्ताद, राग मानू नका. आणखी एकदा ऐकता का? गच्चीवर खोली चढवायला थोडे पैसे बाजूला ठेवलेत. मुलगी आली की तिला झोपायला जागा नाही. ते ह्यात जातील.”

साहेब बघत होता. काउंटरवरची मुलगी बघत होती.

“ऐकून झालंय माझं,” कानसेन म्हणाला. जरा तोऱ्यातच म्हणाला. घाबरलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही.

“नाही नाही, तुमच्या कानावर शंका नाही,” ड्रायव्हर घाईनं म्हणाला आणि त्यानं सही केली.

गिअरबॉक्स बदलला. जुना लाकडी खोक्यात भरून कोपऱ्यात ठेवला होता. कानसेननं येता-जाता त्याच्यावरून हात फिरवला. चांगला होता. हे कळायला कान लागत नाही. दांडा हातानं फिरवला तरी पुरतं. त्या महिन्यात वर्कशॉपचं बिल कधी नव्हे इतकं झालं, म्हणून शोरूमच्या भिंतीवर ‘महिन्याचा मानकरी’ म्हणून कानसेनचा फोटो लागला. फोटो काढणाऱ्यानं त्याला कानामागे हात धरून उभं केलं होतं. पेंटर म्हणाला, “असा दिसतोस जसा उधारी मागायला आलेल्याला ‘काय म्हणालास?’ विचारतोयस.”

आणि मग लाल गाडी परत आली. आवाज होता तसाच होता.

ह्या खेपेला ड्रायव्हर भांडला नाही. भांडला असता तर कानसेनला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, “माझ्याच कानाचा भ्रम असेल. हिला विचारलं तर म्हणते, मला तर तुमचा आवाज सोडून काहीच येत नाही. तुम्ही एकदा बघा, उस्ताद. गाडी ठेवून जातो.”

साहेब म्हणाला, “नवा गिअरबॉक्स आहे, बसायला वेळ घेतो.” आणि कानसेनला डोळ्यानं खूण केली: दोन दिवस ठेव, धुऊन परत दे.

दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेले तेव्हा कानसेन गाडी घेऊन एकटाच बाहेर पडला. त्याच वळणावर गेला. एकदा, दोनदा, मग मोजणं सोडलं. ऐकायचा प्रयत्न त्यानं केलाच नाही. एका हातानं स्टिअरिंग धरून दुसरा हात तो गाडीच्या अंगावर फिरवत होता. दांड्यावर, दाराच्या आत, पत्र्यावर, आजारी जनावराच्या अंगावरून फिरवावा तसा. शेवटी हात शेजारच्या सीटखाली गेला, सीट ज्या रुळावर मागेपुढे सरकते त्या रुळाला लागला. वळण आलं. आणि बोटाच्या टोकाला काहीतरी टोचल्यासारखं झालं. हलकं. एकदा, आणि लगेच परत एकदा.

त्यानं गाडी झाडाखाली लावली आणि पाना काढून सीट सोडवली. रुळाच्या आत, जिथं झाडूही जात नाही आणि नळीही पोचत नाही अशा बेचक्यात, पत्र्याची एक छोटीशी चपटी डबी अडकली होती. झाकणावर हिरवं पान. आत तीन-चार पेपरमिंट.

त्या दिवशी तो ह्याच सीटवर बसला होता. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून. आवाज त्याच्या बुडाखाली होता.

डबी त्यानं कानाशी धरून हलवली. मग जोरात हलवली. पेपरमिंट आत आपटताना तळव्याला लागत होते, कानाला नाही. रस्त्यानं जाणारी एक बाई थांबून बघायला लागली, तेव्हा त्यानं हात खाली घेतला.

साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन त्यानं डबी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. कानाचंही सांगितलं. ते सांगताना त्याची मान खाली होती, त्यामुळे साहेब मध्येच काही बोलला असेल तर ते त्याला कळलं नाही. मान वर केली तेव्हा साहेब हसत होता.

“काका, बसा आधी. पाणी प्या.”

“त्यांचे पैसे परत दिले पाहिजेत. जुना बॉक्स अजून इथंच पडलाय, तोच परत...”

“कसे देणार? काय लिहून देणार? ज्याच्या कानाचे पैसे घेतले त्याला ऐकू येत नाही, असं? मग इतक्या दिवसांतल्या सगळ्या गाड्या दारात येऊन उभ्या राहतील.” साहेबानं खुर्ची पुढे ओढली आणि ओठ नीट दिसतील असा बोलायला लागला. म्हणजे त्यालाही हे आधीपासून माहीत होतं. “आणि खरं सांगू? ह्या वर्षात तुम्ही जेवढे गिअरबॉक्स बदलायला लावलेत ना, तेवढे चांगल्या कानानं लावले नसते. तुमचा कान चांगला होता तेव्हा काय व्हायचं? एक स्क्रू आवळला, मालक खूश, बिल शून्य. कंपनीची काही तक्रार आहे का तुमच्याबद्दल? भिंतीवर फोटो आहे तुमचा.”

कानसेननं डबी साहेबाच्या पुढ्यात सरकवली.

“त्यांचा आवाज गेला ना? गेला. नवा गिअरबॉक्स मिळाला ना? मिळाला. ही डबी द्या फेकून.” साहेबानं ती बोटानं कचऱ्याच्या टोपलीकडे ढकलली. “आणि तुमच्या आधी पेंटर असाच खरं बोलायला आला होता. तुम्हाला आठवत असेल.”

इतकी वर्षं कानसेनला वाटत होतं, आपण चोरून दिवस काढतोय. आपली चोरी मालकाच्या सोयीची आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं. चांगला कान होता तेव्हा त्याला नुसता पगार मिळायचा. फोटो लागला तो बहिऱ्याचा.

टोपलीच्या काठावर अडकलेली डबी त्यानं उचलली आणि फेकायला म्हणून खिशात टाकली. संध्याकाळपर्यंत ती खिशातच होती.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको गाडी न्यायला आले. ड्रायव्हरनं एकट्यानं एक चक्कर मारली, त्या वळणावर जाऊन आला आणि इंजिन बंद करायच्या आतच दार उघडून ओरडला, “गेला! साफ गेला! अगं, ऐकतेस का? गेला!”

“मी काय बहिरी आहे?” बायको म्हणाली.

ड्रायव्हरनं कानसेनचे दोन्ही हात हातात घेतले. तळवे कडक होते, स्टिअरिंगनं घट्टे पडलेले. “काय होतं हो?”

साहेब काचेतून बघत होता.

“थोडं... बसवायचं राहिलं होतं,” कानसेन म्हणाला.

“तरी म्हटलं! तुमचा कान चुकायचा नाही.” मग त्यानं आवाज खाली आणला. “विकतोय मी तिला, उस्ताद. गिऱ्हाईक येतंय रविवारी. खोलीचे पैसे हिच्यात गेले, आता हिच्यातून खोली काढतो. पडत्या भावात जाईल, पण बिनआवाजाची जाईल. आवाजाची गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारायची म्हणजे माझ्यानं झालं नसतं.” तो गाडीकडे बघून म्हणाला, “चार महिने बसलो रस्त्याला टेकून. पुष्कळ झालं.”

“आता ते द्या त्यांना,” बायको म्हणाली. “नाहीतर तेही हरवाल.”

ड्रायव्हरनं कागदी पिशवीतून एक राखाडी लोकरीची कानटोपी काढली. दोन्ही बाजूंना कानांवर येणारा भाग जाड विणलेला होता, दुहेरी.

“हिनं विणली. मी म्हटलं, त्या माणसाचे कान म्हणजे मशीन आहे, थंडीवाऱ्यात जपायला हवेत.”

“माप आपलं अंदाजानं घेतलंय भाऊजी,” ती म्हणाली. “फोटो आहे ना तुमचा भिंतीवर, त्यातले कान बघून.”

कानसेननं टोपी हातात घेतली. लोकर मऊ होती. तो तिच्याकडे बघत राहिला. काचेपलीकडे साहेब अजून उभा होता. फाटकाशी पेंटर एका गाडीवर पाणी मारत होता आणि ते पाणी उताराला लागून त्याच्याच बुटांवरून वाहत होतं.

टोपी काखेत धरून त्यानं खिशात हात घातला.

“वहिनी, ही तुमची का?”

“अगंबाई!” तिचं तोंड फुललं. “कुठं मिळाली?”

“गाडीत. सीटखाली. रुळात अडकली होती.”

“बघा! आणि म्हणे मी विसरते!” तिनं नवऱ्याला डबी दाखवली, आणि काही उरलंय का ते बघायला ती कानाशी नेऊन हलवली.

डबी किती वाजली ते कानसेनला कळलं नाही. त्याला फक्त ड्रायव्हरचा चेहरा दिसला.

आधी त्यावर हसू होतं, बायकोला काहीतरी उलट उत्तर द्यायच्या तयारीतलं. ते गेलं नाही, नुसतं रिकामं झालं. मग त्याची मान हळूच डबीकडे वळली. मग गाडीकडे, शेजारच्या सीटकडे. बायकोनं आणखी एकदा हलवली. ड्रायव्हरनं तिचा हात धरून थांबवला, अगदी हळू. झोपलेल्या माणसाजवळ भांडं वाजू नये म्हणून धरावा तसा.

मग तो कानसेनकडे वळला. बराच वेळ बघत राहिला. कानसेननं नजर हलवली नाही. ओठांवरून नजर काढली तर उत्तर कळणार नव्हतं. शिवी आली असती तर तीही त्याला ओठांवरूनच घ्यायची होती.

त्या दिवशी गाडीत जे करायला म्हातारा लाजला होता, ते त्यानं आता केलं. ओठ सावकाश उघडले आणि एकदाच मिटले.

टिक.

त्यानं बायकोला हाताला धरून गाडीत बसवलं; आधी लोळून, मग पाय आत घेऊन, ती बसली. टोपी त्यानं परत मागितली नाही. बायकोला काहीच कळलं नव्हतं. ती डबी मांडीवर ठेवून काचेतून कानसेनला हात हलवत होती, आणि ‘घालून बघा, घालून बघा’ असं म्हणत असावी, कारण ती दोन्ही हात कानांवर ठेवून दाखवत होती.

साहेब काचेचं दार ढकलून बाहेर आला. कानसेनच्या पाठीमागून तो काहीतरी बोलत होता. कानसेन वळला नाही, म्हणून ते त्याला कळलं नाही.

लाल गाडी फाटकातून बाहेर पडली. पेंटरनं तिला वाट द्यायला पाइप बाजूला धरला. इंजिनाचा जाडा आवाज थोडा वेळ ऐकू आला. मग ती रस्त्याला लागून, खाली टेकून, दूर गेली. पुढे ते वळण होतं. तिथं बायकोच्या मांडीवरची डबी वाजली असणार.

टोपी दोन्ही हातांत धरून कानसेननं डोळे मिटले.